गाभा आणि मुभा



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. तथापि व्याख्यात्याने शिक्षणावरच बोलले पाहिजे अशी अट चालकांनी कधी घातलेली नाही, आणि मला तर विषयाच्या निवडीची पूर्ण मुखत्यारी त्यांनी आपण होऊन बहाल केली होती. ती मिळूनही मी शिक्षणाकडेच वळलो, याचे कारण असे की, आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांत अलीकडे जो एक नवा प्रश्न उपस्थित होऊ लागला आहे, त्याची चर्चा जितकी हिरिरीने होते तितकी खोलात जाऊन होत नाही. पदवी येथे घ्यावी आणि पुढील अध्ययनासाठी परदेशी जावे, हा जुना शिरस्ता आता सुटत चालला असून बारावीची परीक्षा होताच मुलाने वा मुलीने अमेरिकेतील एखाद्या कॉलेजात दाखल व्हावे, अशी खटपट अनेक घरांत चाललेली दिसते. शुल्क किती, शिष्यवृत्ती मिळेल काय, व्हिसाचा मामला कसा उरकेल, नामांकनाच्या यादीत कॉलेज कितवे, जवळपास कोणी नातलग आहेत काय, या सर्वांची कसून खातरजमा केली जाते. परंतु पदवी मिळविण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने काय काय शिकलेच पाहिजे, हे कॉलेजच्या नियमपुस्तिकेतील ज्या पानावर छापलेले असते, ते पान मात्र बहुधा न वाचताच राहते.

आपल्याकडील वाचकाला त्या पानाचे महत्त्व चटकन उमगत नाही, कारण आपल्या पदवीचा सारा डोलारा एका शाखेवर उभा असतो. अमेरिकेतील पदवीचा विद्यार्थी चार वर्षांतला साधारणपणे तिसरा हिस्सा, फार तर निम्मा काळ, आपल्या मुख्य विषयास देतो. उरलेल्या काळाचे काय करावयाचे, हा त्या देशात दोनशे वर्षे चाललेला वाद आहे, आणि त्यावर तेथील कॉलेजांनी मुख्यत्वे दोन तोडगे काढले आहेत. काही थोडी कॉलेजे म्हणतात की, अमुक ग्रंथ आणि अमुक अभ्यासक्रम आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो पुढे वैद्य होवो की हिशेबतपासनीस, एकत्र बसून शिकलेच पाहिजेत. हा गाभ्याचा अभ्यासक्रम, ज्याला तिकडे ‘कोअर’ म्हणतात. बहुसंख्य कॉलेजे म्हणतात की, मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञाने असे आम्ही गट पाडून देतो, प्रत्येक गटातून ठरावीक संख्येचे विषय घ्या, कोणते घ्यावेत ते तुमचे तुम्ही ठरवा. येल विद्यापीठात पदवीला 36 अभ्यासक्रम लागतात. त्यांत या तीन गटांतून प्रत्येकी दोन असावे लागतात, आणि शिवाय लेखन, गणिती विचार व परकी भाषा यांची वेगळी अट असते. या दुसऱ्या व्यवस्थेला मी विभागवार अटींची व्यवस्था म्हणेन.

ही व्यवस्था मुळात कोणा शिक्षणतज्ज्ञाने ‘हेच उत्तम शिक्षण’ अशा श्रद्धेने आखली, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. 1828 साली येलच्या प्राध्यापकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात ग्रीक, लॅटिन आणि गणित यांच्या सक्तीचा खंबीर पुरस्कार केला होता. मनाला वळण लावणे हे पहिले काम आणि मनात माहिती भरणे हे दुसरे, अशी त्यांची भूमिका होती, आणि पुढील चाळीस वर्षे तिला कोणी फारसा धक्का लावू शकले नाही. तो धक्का 1869 साली हार्वर्डच्या अध्यक्षपदी आलेल्या चार्ल्स एलियट या रसायनशास्त्रज्ञाने दिला. चाळीस वर्षांच्या आपल्या कारकिर्दीत त्याने एकामागून एक सक्तीचे विषय रद्दबातल केले, आणि शतक संपता संपता तेथे पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नाही. आपल्या बुद्धीचा कल विद्यार्थ्यालाच सर्वांत चांगला कळतो, हा त्याचा विश्वास उदात्त होता. व्यवहारात मात्र पुष्कळ विद्यार्थ्यांनी सोपे, प्राथमिक आणि सोयीच्या वेळी भरणारे तास यांचीच मोट बांधली. 1909 साली त्याच्या जागी आलेल्या लॉवेलने म्हणूनच असा दंडक घातला की, एका विषयात खोल जावे आणि बाकीचे विषय निरनिराळ्या गटांत वाटून घ्यावेत. आज अमेरिकाभर रूढ असलेल्या विभागवार अटींचा उगम हा असा आहे: सक्ती आणि स्वैर निवड यांच्या दरम्यान झालेला तो एक तह होता, आणि प्रत्येक विभागाच्या पदरात विद्यार्थी पडावेत अशी तजवीज त्यात आपोआप झाल्यामुळे तो मोडावा असे कोणत्याच विभागाला पुढे वाटले नाही.

गाभ्याच्या अभ्यासक्रमाचा जन्म निराळ्या परिस्थितीत झाला, आणि त्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे जावे लागते. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, हे युद्ध कशासाठी चालले आहे हे लष्करी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी तेथे एक अभ्यासक्रम सुरू झाला. युद्ध संपले तेव्हा प्राध्यापकांच्या मनात असे आले की, युद्धाचे प्रश्न जर सर्वांनी शिकावे लागतात, तर शांततेचे प्रश्न कोणी का म्हणून शिकू नयेत? त्यातून 1919 साली समकालीन संस्कृतीचा एक सक्तीचा अभ्यासक्रम सिद्ध झाला. 1937 साली त्याच्या जोडीला पाश्चात्त्य साहित्यातील श्रेष्ठ ग्रंथांचा अभ्यासक्रम आला, 1947 साली चित्र-शिल्पकला आणि संगीत यांचे अभ्यासक्रम सर्वांना लागू झाले, आणि विज्ञानाचा समावेश होण्यास मात्र 2004 साल उजाडावे लागले. एवढेच नव्हे, तर पोहता येते की नाही याची परीक्षाही तेथील पदवीच्या अटींत दीर्घकाळ राहिली, जिच्याविषयी आपल्याकडील पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

या अभ्यासक्रमाची रचना पाहण्याजोगी आहे. सुमारे बावीस विद्यार्थ्यांचा एक वर्ग, आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी जवळजवळ दोन तास, आणि व्याख्यान नव्हे तर चर्चा. पहिल्या दिवसाच्या आधीच ‘इलियड’चे आरंभीचे सर्ग वाचून यावयाचे. शिकविणारे केवळ त्या विषयाचे पंडित असतात असे नाही. आपल्या क्षेत्राबाहेरचे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या बरोबरीने वाचणारे अध्यापकही त्यांत असतात, आणि काही वर्ग तर अजून डॉक्टरेटचे काम चालू असलेल्या तरुणांकडे असतात. यामुळे प्रत्येक वर्गाचा दर्जा सारखा नसतो, ही तक्रार खरी आहे. परंतु या पद्धतीचा खरा लाभ वर्गाबाहेर होतो. वसतिगृहाच्या जिन्यात, भोजनगृहात, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पांत, रसायनाचा विद्यार्थी आणि अर्थशास्त्राची विद्यार्थिनी यांनी त्याच आठवड्यात तोच ग्रंथ वाचलेला असतो. दोघांनाही तो अर्धवट कळलेला असतो, दोघांचाही त्यावर राग असतो, आणि त्या अर्धवट कळण्यातून जो वाद रंगतो तो कोणत्याही वेळापत्रकात बसविता येत नाही. विभागवार अटींच्या कॉलेजात हुशार मुले कमी असतात असे नव्हे. त्यांच्यापाशी वाद घालण्यास सामायिक असे काही नसते.

यावर आक्षेप आहे, आणि तो लहानसहान नाही. गाभा ठरवायचा कोणी? कोलंबियाच्या बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, सोफोक्लीस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, डिमॉस्थिनिस, सिसेरो आणि व्हर्जिल ही आठ नावे कोरलेली आहेत. सगळे पुरुष, सगळे ग्रीक वा रोमन. 1983 पर्यंत कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेशच नव्हता, आणि साहित्याच्या त्या सक्तीच्या यादीत पहिली लेखिका, जेन ऑस्टेन, दाखल झाली ती 1985 साली. 1989 मध्ये त्या आठ नावांवर लेखिकांच्या नावांचा फलक लावला गेला, आणि 2019 साली पुन्हा लागलेल्या तशाच एका फलकावर तमिळ लेखिका ए. रेवती यांचे नाव होते, ही गोष्ट मला त्या वादाची दिशा दाखविणारी वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच झगडा 1988 साली इतका विकोपाला गेला की पाश्चात्त्य संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रमच बदलण्यात आला, आणि त्यावर अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांपर्यंत सर्वांनी आपापले मत ठोकून दिले.

परंतु याच वादाची एक बाजू आपल्या लोकांना ठाऊक नसते. आपला गाभा केवळ युरोपीय आहे ही बोचणी कोलंबियाच्या काही प्राध्यापकांना दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच लागली, आणि आशियातील ग्रंथांचे अभ्यासक्रम तेथे उभे राहिले. त्यांच्यासाठी इंग्रजीत पुरेसे ग्रंथ नव्हते; म्हणून विल्यम थिओडोर डी बॅरी यांच्या संपादकत्वाखाली 1958 साली भारतीय परंपरेच्या मूळ उताऱ्यांचा एक जाडजूड संग्रह निघाला, आणि त्यात वेदवाङ्मयापासून रानडे, गोखले आणि टिळक यांच्यापर्यंतचा मजकूर आला. अमेरिकेतील कॉलेजांमध्ये महाराष्ट्राचे हे तिघे पुरुष पाठ्यपुस्तकातून पोहोचण्याचे श्रेय अशा रीतीने सक्तीच्या अभ्यासक्रमाच्या अपुरेपणाकडे जाते. सक्तीचा एक गुण असा की, तिच्याशी भांडता येते. जेथे यादी छापलेली असते तेथे ‘अमुक का नाही’ असे विचारता येते. जेथे दोन-दोनशे पर्यायांची जंत्री असते तेथे कोणाला काही विचारण्याची सोयच राहत नाही.

कोलंबियाचे नाव निघाले असता महाराष्ट्रातील श्रोत्यांना ज्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे, त्यांच्या चरित्राकडे या प्रश्नाच्या दृष्टीने पाहणे मला फार उद्बोधक वाटते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकावयाचे होते; अस्पृश्य म्हणून ते त्यांना शिकू दिले गेले नाही, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. दप्तरात पाहिले तर दोन भाषा होत्या, विद्यार्थ्याने एक निवडली, सबब नियमाचे पालन झाले. पर्यायांच्या जंत्रीत जे लिहिलेले असते आणि प्रत्यक्ष वर्गाच्या दारात जे घडते, त्यांत किती अंतर असू शकते, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही. सर्वांना एकच विषय, एकच ग्रंथ आणि एकच मेज, असा खरा सक्तीचा अभ्यासक्रम असता तर त्यात निदान पंक्तिप्रपंच करण्यास जागा उरली नसती. गाभ्याच्या बाजूने मांडता येण्याजोगा सर्वांत भक्कम मुद्दा मला हा वाटतो, आणि आश्चर्य असे की अमेरिकेतील त्याचे पुरस्कर्ते तो क्वचितच मांडतात.

पण त्याच चरित्राचे पुढचे पान उलट साक्ष देते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली आंबेडकर कोलंबियात दाखल झाले ते पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून, त्यामुळे आज मी ज्या अटींविषयी बोलत आहे त्या त्यांना लागूच नव्हत्या, आणि तेथला गाभ्याचा अभ्यासक्रम तर ते न्यूयॉर्क सोडून गेल्यावर तीन वर्षांनी सुरू झाला. सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकणारा हा विद्यार्थी इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या वर्गांना बसला, जॉन ड्युई यांचे तत्त्वज्ञान त्याने ऐकले, आणि 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्याने भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या वर्गात जातीची उत्पत्ती उलगडून दाखवावी, हे ज्या मोकळिकीत घडले तिला कोणती सक्ती पुरी पडली असती? मुभेचा इतका सार्थ उपयोग केलेला विद्यार्थी शोधून सापडणार नाही.

मग निवाडा कोणता? माझ्या मते या दोन्ही साक्षी एकमेकींना खोडून काढीत नाहीत. आंबेडकर बावीस वर्षांचे होते, पदवी हाती होती, आणि जो प्रश्न घेऊन ते एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होते तो प्रश्न त्यांना जन्मापासून छळीत आला होता. ज्याच्यापाशी असा प्रश्न आहे त्याला मुभा द्यावी. त्याच्या वाटेत सक्ती हा निव्वळ अडथळा होतो. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या मुलापाशी बहुधा असा प्रश्न नसतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गुणांची टक्केवारी हाच एक प्रश्न त्याच्यापुढे आपण बारा वर्षे ठेवलेला असतो. अशा मुलाला दोनशे पर्यायांची जंत्री देऊन ‘हवे ते निवड’ म्हणणे, हे औदार्य दिसते खरे, पण त्यात शिक्षणसंस्थेने आपल्या अंगावरची जबाबदारी झटकलेली असते.

दोन्ही टोकांची कॉलेजे मात्र मला आदरणीय वाटतात, कारण ती आपली भूमिका लपवीत नाहीत. शिकागो विद्यापीठात 1929 साली अवघ्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झालेल्या हचिन्सने सर्वांसाठी समान शिक्षणाचा आग्रह धरला, आणि 1939 साली विद्यापीठाचा फुटबॉल संघही बंद करून टाकला, जे अमेरिकेत धर्मग्रंथ जाळण्याइतके धाडसाचे होते. पुढे 1990 नंतरच्या दशकात तेथील गाभ्यातले अभ्यासक्रम कमी करण्याचे ठरले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी जी ओरड केली ती पाहता, सक्तीवर प्रेम करणारी माणसेही असतात हे कबूल करावे लागते. ॲनापोलिस आणि सांता फे येथील सेंट जॉन्स कॉलेजात तर 1937 पासून विशेष विषय असा नाहीच: चार वर्षे सर्वांनी युक्लिडपासून आइन्स्टाइनपर्यंतचे मूळ लेखन वाचावयाचे, आधी ग्रीक आणि मग फ्रेंच शिकावयाची, आणि अध्यापकानेही कोणताही विषय शिकविण्याची तयारी ठेवावयाची. शुल्काच्या चिंतेने ग्रासलेल्या पालकांसाठी हेही सांगावयास हवे की, 2018 साली या कॉलेजाने आपले वार्षिक शिक्षणशुल्क सुमारे 52,000 डॉलरांवरून 35,000 वर आणण्याचे जाहीर केले. उलट टोकाला ब्राउन विद्यापीठ आहे. आयरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल या दोन विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन तयार केलेल्या चारशेहून अधिक पानांच्या अहवालातून 1969 साली तेथे सर्व विभागवार अटी गेल्या. मुख्य विषय आणि लेखनाची पात्रता एवढे सोडले तर विद्यार्थी आपला अभ्यास आपण रचतो, आणि एखाद्या अपरिचित विषयात तो नापास झाला तरी गुणपत्रकात त्याची नोंद होत नाही. मुभा द्यावयाची तर ती अशी, चुकण्याच्या मुभेसह.

विभागवार अटींच्या मधल्या व्यवस्थेवर मी आतापर्यंत कठोर टीका केली, तेव्हा तिची उत्तम बाजूही सांगणे न्यायाचे होईल. तिच्या सावलीत काही कॉलेजांनी आपखुशीचा गाभा जोपासला आहे: येलमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साहित्य, तत्त्वज्ञान आणि ऐतिहासिक व राजकीय विचार यांचा वर्षभराचा एकत्र अभ्यासक्रम अर्ज करून घेता येतो. आणि ज्या संस्थेला आपण यंत्रविद्येची काशी समजतो त्या एम.आय.टी.मध्ये कलनशास्त्र, भौतिकी, रसायन व जीवशास्त्र यांचा गाभा तर आहेच, पण मानव्यविद्या, कला व समाजशास्त्रे यांतले आठ अभ्यासक्रम प्रत्येक अभियंत्याला पुरे करावे लागतात, हे ऐकून माझ्या परिचयाच्या एका पालकांचा चेहरा उतरला होता.

तेव्हा नावापेक्षा अंमलबजावणी पाहावी. सक्तीचे वर्ग वीस जणांचे भरतात की चारशे जणांचे? पहिल्या वर्षाला ज्येष्ठ प्राध्यापक शिकवितात काय? बारावीच्या तोडीच्या परदेशी परीक्षांतील गुणांवर विभागवार अटी माफ होतात काय? कारण होत असतील तर ज्या रुंदीसाठी अटी घातल्या ती रुंदी विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वीच संपलेली असते. एका गटात किती अभ्यासक्रम मान्य आहेत, आणि त्यांत ज्यांना तेथील विद्यार्थी उघडपणे सोपे म्हणतात असे किती? एकाच विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गाभा पुरा लागू आहे की अर्धामुर्धा? कोलंबियात तो अर्धामुर्धाच लागू आहे, आणि ‘कोलंबिया’ एवढे नाव वाचून अर्ज करणाऱ्याला हे पोहोचल्यावर कळते. वर्षाला 90,000 डॉलरांहून अधिक खर्च जेथे येतो, तेथे एवढी चौकशी करणे हा संशयीपणा नव्हे.

हे सर्व परदेशापुरतेच आहे असेही मानू नये. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आता रुळले आहेत, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतले काही शिकावे लागावे हा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु कोणती ओपन इलेक्टिव्ह उपलब्ध करून द्यावी याचा निर्णय होताना विद्यार्थ्याने काय शिकावे यापेक्षा कोणत्या विभागाचा वर्कलोड टिकावा याचा विचार आधी होतो, हे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणीही सांगेल. हार्वर्डच्या तहात जे दुखणे दडलेले होते ते एवढ्या लवकर आपल्याकडे यावे, याचे मला वाईट वाटते. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी जी दीर्घ खटपट केली, तिच्यामागे विद्यार्थ्याने काय शिकले पाहिजे याविषयीचा एक निश्चित विचार होता. आपल्या अभ्यासमंडळांनी तसा विचार मांडून, सही करून, लोकांसमोर ठेवावा आणि त्यावरचे शिव्याशाप खुशाल सोसावेत.

माझा कौल विचाराल तर, ज्या मुलाला आपला प्रश्न सापडला आहे त्याने ब्राउनसारख्या कॉलेजात जावे, ज्याला सापडलेला नाही त्याने गाभ्याच्या कॉलेजात जावे, आणि ज्याला मधल्या व्यवस्थेतच प्रवेश मिळाला आहे त्याने पहिल्या वर्षी तेथल्या सर्वांत कडक वाचनाच्या वर्गात नाव घालावे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी या वर्षी अर्ज भरले जाणार आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, शुल्काचा पहिला हप्ता पाठविण्यापूर्वी नियमपुस्तिकेतील ते पान उघडावे, मुलासमवेत बसून ते शेवटपर्यंत वाचावे, आणि त्यातला कोणता वर्ग आपण होऊन घेतला असतास, असे त्याला विचारावे.